निजवलेली चूल

हंगामाला निघायच्या दिवशी अम्मी चूल निजवायची. हा शब्द तिचाच. सामान ट्रकमध्ये चढलेलं असायचं, अब्बांनी दोनदा हाक मारलेली असायची, आणि ही आत चुलीपुढं बसलेली. आधी सगळी राख काढायची. मग चुलीच्या पोटात कापसाच्या वाळलेल्या पऱ्हाट्या रचायची, त्यावर गोवरीचे तुकडे ठेवायची आणि चुलीचं तोंड कालवलेल्या मातीनं लिंपून टाकायची. वरची भोकंही बुजवायची. न पेटणाऱ्या चुलीत विंचू, उंदीर घर करतात म्हणून हे करावं लागतं, असं ती सांगायची. पण उंदरांसाठी कुणी आत सरपण रचून ठेवत नाही. परत आल्याबरोबर माती फोडायची, विस्तव टाकायचा आणि चहा ठेवायचा, अशी तिची सोय असायची. विस्तव कुठून आणायचा तेही ठरलेलं होतं. आवारात समोर राहणाऱ्या मालकीणबाई खापरीत निखारे घेऊन यायच्या. आपण घरी आलो हे अम्मीला तेव्हा पटायचं.

अब्बा नालबंद होते. बैलाला दोरानं पाडायचं, पाय बांधायचे, खूर तासायचे आणि लोखंडी पत्री ठोकायची, हे त्यांचं काम. आमच्या बीड जिल्ह्यातली माणसं दसरा झाला की बैलगाड्या घेऊन नगर जिल्ह्यातल्या सहकारी साखर कारखान्यांकडं ऊस तोडायला जात. तिकडं गाड्या डांबरी रस्त्यावर चालायच्या आणि डांबर बैलाच्या खुरांची वाट लावतं. त्यामुळं जिथं बैल, तिथं अब्बा, आणि अब्बांच्या भाकरीसाठी अम्मी. उसाच्या पाचटाच्या कोपीत ती दोघं हंगामभर राहायची. मी अंबाजोगाईला आमच्या भाड्याच्या खोल्यांत फुफीजवळ, म्हणजे अब्बांच्या बहिणीजवळ, राहून शाळा आणि मग कॉलेज करत होते. घरात आम्ही आमची दखनी बोलायचो, आवारात मराठी. भांडण आलं की मला मराठीच लवकर सुचायची, हे अम्मीला खटकायचं.

ज्या वर्षाची गोष्ट सांगते त्या वर्षी दोन गोष्टी एकदम झाल्या. सलग दुसरा पावसाळा कोरडा गेला आणि आमची फुफी वारली. तरण्या मुलीला एकटीला ठेवायचं नाही म्हणून अब्बांनी मलाही बरोबर घेतलं. कॉलेजची पाण्याअभावी सुट्टी होतीच. म्हणजे इतक्या वर्षांत पहिल्यांदा आमच्या खोल्यांना कुलूप लागलं. अम्मीनंही पहिल्यांदाच चूल निजवली का, असं कुणी विचारेल. तर नाही. फुफी स्टोव्हवाली होती, तिला धूर सहन व्हायचा नाही, त्यामुळं चूल दरवर्षी निजायचीच. फरक एवढाच की या वर्षी घरात जागं कुणी नव्हतं.

आमच्या मालकांबद्दल सांगायला हवं. मी त्यांच्यावर अजूनही चिडलेली आहे, तरी खरं ते सांगते. माणूस लबाड नव्हता. भाड्यासाठी त्यांनी कधी दारात उभं राहून आवाज चढवला नाही. तालुक्यातल्या एका सहकारी संस्थेत ते संचालक होते आणि त्या पदाचा त्यांना फार अभिमान होता. दुष्काळात संस्थेनं जनावरांसाठी चारा डेपो काढायचं ठरवलं. जागा कुठं, असा प्रश्न निघाल्यावर मालकांनी भर बैठकीत आपलं आवार देऊन टाकलं. आवाराला मोठं फाटक होतं, ट्रक आत यायचा आणि आडाला अजून पाणी होतं. आवारात आमच्या खोल्याही होत्या, हे बोलताना ते विसरले असावेत, किंवा त्यांना त्या रिकाम्या वाटल्या असाव्यात. एकदा चारचौघांत शब्द गेला की तो मागं घेणं त्यांच्या जिवावर आलं.

संक्रांत उलटून गेल्यावर आमच्या गावचा एक ट्रक ड्रायव्हर कारखान्यावर आला. मालकांचा निरोप घेऊन आला होता. खोल्या सोडल्या का ते कळवा, नसतील सोडल्या तर येऊन राहा. निरोप साधा होता, पण अम्मीचा चेहरा उतरला. जाऊ या म्हणाली. अब्बांनी खूर तासता तासता मान हलवली. त्यांचंही चूक नव्हतं. गावाकडं पाण्याची टंचाई, चारा नाही, इकडं कालव्याला पाणी होतं आणि बैलांना उसाचं वाढं, म्हणजे वरचा हिरवा शेंडा, मिळत होतं. पट्टा पडला, म्हणजे कारखाना बंद झाला, तरी कितीतरी टोळ्या त्या वाढ्यांसाठी तिथंच थांबणार होत्या. बैल थांबले की नालबंदही थांबला.

तरी निरोपाचा किडा अब्बांच्या डोक्यात वळवळत होताच. कारखान्याच्या गेटासमोर एक शिंपी बसायचा, तिथल्याच गावचा, भाड्याच्या दुकानात. दुकानमालकाशी कोर्टात भांडून जिंकलेला माणूस, त्यामुळं त्याला कायद्यावर बोलायला फार आवडायचं. अब्बांनी त्याला विचारलं. तो म्हणाला, जागा सलग सहा महिने बंद राहिली आणि तुमच्याकडं सांगायला काही कारण नसलं, तरच मालक तुम्हाला काढू शकतो, त्याच्या आत नाही. अब्बा कोपीत आले ते खुशीतच. सहा महिने, असं त्यांनी अम्मीला दोन बोटं आणि चार बोटं दाखवून सांगितलं. दसऱ्यापासून मोजलं तर चैत्रात गेलो तरी वेळ शिल्लक राहत होता.  मीही हुशारी केली, कायदा आहे तर घाबरायचं कशाला म्हणाले.

गुढीपाडवा झाला आणि आम्ही परतलो. फाटकातून आत शिरलो तर आवार निम्मं कडब्यानं भरलेलं. आमच्या ओट्याला टेकून पेंढ्यांची थप्पी लावलेली. दाराला आमचं कुलूप होतं तसंच होतं, पण त्याच्या वर, कडीच्या दुसऱ्या कोयंड्यात, एक मोठं नवं कुलूप लटकत होतं. अम्मीनं गळ्यातल्या दोऱ्यातली किल्ली काढली, आमचं कुलूप उघडलं, दार ढकललं. ते हललं नाही. तिनं आमचं कुलूप परत लावलं, किल्ली परत गळ्यात घातली आणि ओट्यावर बसली.

मालक बाहेर आले. त्यांनी आधीच कचेरीत अर्ज दिला होता. भाडेकरू घर सोडून गेले, खिडकीतून बघितलं तर चूल माती लावून बंद केलेली, दोन पंचांना दाखवलेलं आहे, आता जागा ताब्यात द्यावी. अब्बांनी सहा महिन्यांचं काढलं. मालक हसले नाहीत, त्यांनी फक्त सांगितलं की वकिलाला विचारून या. मग आत जाता जाता थांबले आणि म्हणाले, "नालबंद, मी तुमाला कचेरीत नेलं. माझ्या मेव्हण्यानं पाटोद्याला एका दिसात खोली रिकामी करून घेतली, जनावरं बांधायला. तिथं कायदाच न्हाई."

ते खरंच होतं. पाटोदा मालकीणबाईंचं माहेर. तिथं तेव्हा ग्रामपंचायत होती आणि भाड्याचा कायदा नगरपालिकेच्या हद्दीपुरता. म्हणजे आम्हाला कचेरीत ओढणं ही मालकांच्या हिशेबी मेहेरबानी होती.

वकिलांकडं मी गेले, अब्बांबरोबर. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, कुलूप कधी लागलं, परत कधी आलात, मधे कुणी येऊन राहिलं का. शिंप्याचं सांगितल्यावर त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"शिंपी खरं बोलला," ते म्हणाले. "त्याच्या गावापुरतं."

मग त्यांनी समजावलं ते असं. नगर जिल्हा पूर्वीपासून मुंबई इलाख्यात, तिथं मुंबईचा भाडे कायदा. आपण मराठवाड्याचे, आपल्याकडं अजून हैदराबाद राज्याच्या वेळचा कायदा चालतो. राज्य एक झालं, पण कायदे एक झाले नाहीत. तिकडं सहा महिने. इकडं चार.

अब्बांच्या तोंडचं पाणी पळालं. मला मात्र हसू आलं, कडू हसू. वर्षानुवर्षं अम्मी-अब्बा त्या रस्त्यानं ये-जा करत होते. हद्दीवर ना नाका, ना फाटक, माती तीच, कोरड्या विहिरी त्याच. कुठल्या तरी बाभळीपाशी आमच्या घराचे दोन महिने गळून पडतात, हे कुणी सांगावं? अर्धं वर्ष तिकडं आणि अर्धं वर्ष इकडं राहणाऱ्या आमच्यासारख्यांनीच तिकडचा कायदा खिशात घालून इकडं यावं. इथंच राहणाऱ्या माणसाच्या हातून ही चूक झालीच नसती.

एक धागा शिल्लक होता. चार महिने बंद, पण वाजवी कारणाशिवाय, असं कायद्यात होतं. हंगामाला जाणं हे वाजवी कारण आहे, घर सोडलं नव्हतं, परत यायचंच होतं, हे सिद्ध करा, वकील म्हणाले. मालकांचा सगळा भर चुलीवर आहे. चुलीचं काय सांगता? अब्बा म्हणाले, ती निजवली होती. वकिलांनी माझ्याकडं पाहिलं. मी समजावून सांगायचा प्रयत्न केला, पण वकिलांच्या टेबलापुढं ते सगळं पोरकट वाटायला लागलं. तुमच्या घरची रीत तुम्हीच सांगणार, ते कोण मानणार, दुसरा कुणी साक्षीला आहे का, असं त्यांनी विचारलं. आमच्यासारखी चूल निजवणारी शेजारची घरं अजून कारखान्यावरच होती. राहिल्या एकट्या मालकीणबाई. त्या नवऱ्याविरुद्ध कशा बोलणार?

निघताना त्यांनी एकच गोष्ट बजावली. मालकाचं कुलूप बेकायदेशीर आहे, ते मी बघतो, पण तुम्ही हात लावू नका, साहेब जागा बघायला येईपर्यंत आतली काडी हलता कामा नये.

साहेब म्हणजे प्रांत कचेरीतले अधिकारी. भाड्याचे तंटे त्यांच्यापुढं चालायचे. ते दुष्काळाच्या कामात बुडालेले, टँकर, छावण्या, खडी फोडायची कामं. तारीख पडायची आणि पुढं जायची. तोवर आम्ही आमच्याच ओट्यावर, आमच्याच बंद दाराला पाठ लावून राहत होतो. चैत्राचं ऊन. कडब्याची धूळ घशात जायची. आडावर पाणी भरू द्यायचं नाही, असं मालकांनी सांगून ठेवलेलं, त्यामुळं मी घागर घेऊन टँकरच्या रांगेत. तिथं बायका विचारायच्या, घर असताना ओट्यावर कावून? मला बोलायचा वीट आला होता.

एका दुपारी मी अब्बांचा हातोडा उचलला. आत माझी पुस्तकं होती, कपडे होते, फुफीची पेटी होती. दोन घाव घातले असते तर कोयंडा निघाला असता. अम्मीनं माझा हात धरला नाही. ती फक्त दारापुढं येऊन उभी राहिली आणि दखनीत म्हणाली की तुला मारायचं तर मला मार, पण कुलपाला हात लावू नको. माझ्या चुलीचं तोंड मी उघडीन. मी हातोडा टाकला आणि दिवसभर तिच्याशी बोलले नाही.

ती तीन दगड मांडून ओट्याखाली स्वयंपाक करायची. काडेपेटीनं पेटवायची. समोर मालकीणबाईंची चूल सकाळ-संध्याकाळ पेटलेली असायची, पण अम्मी तिकडं गेली नाही. आणि मालकीणबाईही आल्या नाहीत. दोघी आवारातून जाताना एकमेकींना बघायच्या आणि नजर खाली घालायच्या. मला मालकीणबाईंचा राग यायचा. इतकी वर्षं आमच्याकडचा शीरखुर्मा खाल्ला, माझ्या तापात रात्री उशाशी बसल्या, आणि आता नवऱ्यापुढं चकार शब्द काढत नाहीत. अम्मीला हे बोलले तर ती म्हणाली, तिचं घर त्यांचं आहे. मला तेव्हा ते कळलं नाही.

खरं सांगायचं तर अब्बाही आतून डळमळले होते. चारा डेपोवर रोज शेतकरी यायचे, बैल घेऊन. हाडं दिसणारे बैल. त्यातल्या कित्येकांच्या खुरांना अब्बांनीच ठोकलेल्या पत्र्या होत्या. अब्बा उठून त्यांच्या पाठीवरून हात फिरवायचे. हे बैल मेले तर मी कुणाचे खूर तासू, असं ते एकदा म्हणाले. आमच्या दोन खोल्यांत अजून किती पेंढ्या मावतील, याचा त्यांनी मनात हिशेब केला असणार. अम्मीनं तो ओळखला असणार, कारण त्या दिवशी तिनं त्यांना भाकरी वाढली आणि स्वतः जेवली नाही.

अखेर साहेब आले. बरोबर एक कारकून, दोन्ही वकील, मागं अर्धी गल्ली. मालकांनी धुतलेलं धोतर नेसलं होतं. मालकीणबाई आपल्या दारात, पदर डोक्यावर, चौकटीला धरून उभ्या. साहेबांनी आधी मालकांना त्यांचं कुलूप काढायला लावलं. मग अम्मीनं गळ्यातली किल्ली काढली. कडब्याच्या धुळीनं भरलेल्या कुलपात ती जाईना. मी पुढं झाले तर तिनं मला कोपरानं मागं सारलं.

दार उघडलं. आतून बंद घराचा वास आला. सगळ्यावर धुळीचा थर, कोपऱ्यात फुफीची पेटी, दोरीवर अब्बांचा जुना सदरा. आणि भिंतीशी ती चूल, गुळगुळीत, तोंड नसलेली. मालकांच्या वकिलांनी तिकडं बोट केलं. सदरा विसरतो माणूस, म्हणाले, पेटी नंतर न्यायला येतो. पण परत यायचं असेल तर कुणी आपल्या हातानं चूल पुरून जात नाही. मागची माणसं कुजबुजली. त्यांच्यातला एक जण म्हणाला, हे पटतंय.

साहेबांनी अम्मीला विचारलं, चूल का बुजवली. मी उत्तर द्यायला लागले. साहेब म्हणाले, त्यांना बोलू द्या. अम्मीचं मराठी बाजारापुरतं आणि आवारापुरतं चांगलं होतं, पण त्या क्षणी तिला एक शब्द सापडेना.  साहेबांना घाई होती, ते घड्याळ बघायला लागले. अम्मीनं मान वळवली आणि त्या गर्दीच्या डोक्यांवरून समोर, मालकीणबाईंकडं पाहिलं. सगळ्यांनीच मग तिकडं पाहिलं, मालकांनीही. मालकांच्या बघण्यात काय होतं ते त्यांच्या बायकोला कळलं असणार, कारण ती वळली आणि आत निघून गेली.

संपलं, असं मला वाटलं. आतल्या आत मी मालकीणबाईंना काय काय बोलले ते इथं लिहीत नाही.

कारकून कागद आवरायला लागला तेवढ्यात गर्दी हलली. मालकीणबाई येत होत्या. हातात तीच काळी पडलेली खापरी, तिच्यात लालभडक निखारे. त्यांच्या पदराचं टोक दातात धरलेलं होतं. नवऱ्याच्या शेजारून गेल्या, साहेबांच्या समोरून गेल्या आणि आमच्या उंबऱ्यावर थांबल्या.

"दरसाली ह्या आल्या की मीच इस्तू देते," त्या म्हणाल्या. साहेबांकडं न बघता, अम्मीकडं बघत. "औंदा द्यायचा ऱ्हायलाय. भाबी, चूल उघडा."

अम्मीनं कोनाड्यातला वरवंटा उचलला आणि चुलीच्या तोंडावर एक घाव घातला. वाळलेली माती खळकन पडली. साहेब वाकले. आत पऱ्हाट्या रचलेल्या, त्यावर गोवरीचे तुकडे, कोरडे खडखडीत, जसे दसऱ्याला ठेवले तसेच. साहेबांनी एक काडी बाहेर काढून बघितली आणि परत ठेवली.  अम्मीनं मालकीणबाईंच्या हातून खापरी घेतली, निखारे आत सोडले आणि फुंकर घातली. धूर सगळ्यांच्या डोळ्यांत गेला. मी रडले, आणि धुरानं रडले असं सांगायची सोय झाली.

आम्ही त्या दिवसापासून आत राहायला लागलो. निकाल लागायचा होता, पण साहेबांनी तोंडी सांगितलं होतं की तोवर यांना कुणी अडवायचं नाही. मी घर झाडलं, पुस्तकं झटकली. अब्बांनी आपल्या सदऱ्याची घडी घातली आणि उलगडली. खूप दिवसांनी छपराखाली जेवलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी अंगणात सडा का पडला नाही म्हणून बघायला बाहेर आले. मालकीणबाईंचं दार उघडं होतं. त्या बाहेर आल्या, हातात एक पिशवी. मागं मालक, शांत. ते आवाज चढवणाऱ्यांतले नव्हतेच. पाटोद्याची गाडी किती वाजता आहे ते त्यांनी तिला सांगितलं, जसं पाहुण्याला सांगतात. माहेरी जाऊन राहा थोडे दिवस, म्हणाले. किती दिवस ते त्यांनी सांगितलं नाही आणि तिनं विचारलं नाही. फाटकातून जाताना मालकीणबाईंनी आमच्या दाराकडं एकदा बघितलं. अम्मी हातातलं पीठ न झटकता धावत निघाली, पण तोवर त्या रस्त्याला लागल्या होत्या.

आम्हाला त्या आवारातून काढायला अर्ज लागला, वकील लागले, पंच लागले, तारखांवर तारखा लागल्या आणि तरी आम्ही निघालो नाही. तिला काढायला एक वाक्य पुरलं. भाडेकरूला चार महिने तरी होते. बायकोला, जी त्या घरात सून म्हणून आली, जिनं त्या आडाचं पाणी आयुष्यभर ओढलं, तिला ना इकडचा कायदा ना तिकडचा. मी वकिलांना जाऊन विचारलं. त्यांनी काखा वर केल्या. हा भाड्याचा विषय नाही, म्हणाले. मला त्या उत्तराचा इतका संताप आला की मी त्यांच्या घरून पाणीही न पिता उठले.

निकाल आमच्या बाजूनं लागला. हंगामाला जाणं वाजवी कारण धरलं गेलं. वकिलांनी वर सल्ला दिला की पुढच्या वेळी घरात एक माणूस ठेवून जा, दर वेळी चूल कामाला येणार नाही. अब्बांनी निकालाचं गल्लीत कुणाला सांगितलं नाही. डेपो संस्थेनं दुसरीकडं हलवला. मालकांचं आमच्याशी आणि आमचं त्यांच्याशी बोलणं बंद झालं. ते खानावळीत जेवायचे. त्यांच्या घरातून धूर निघायचा बंद झाला होता.

अम्मीचं एक वागणं मात्र मला काही दिवसांनी लक्षात आलं. ती काडेपेटी वापरत नव्हती. स्वयंपाक झाला की निखारे राखेखाली झाकायची, मधून मधून उठून गोवरीचा तुकडा घालायची, सकाळी उकरून त्यावरच पेटवायची. त्या उन्हाळ्यात, चुलीपुढं जाणं नको वाटायचं तेव्हाही. पावसाळ्यात पाऊस झाला, बरा झाला, सरपण ओलं झालं, तरी तिनं तो विस्तव विझू दिला नाही. मी एकदा चिडून म्हणाले, काडेपेटी महाग झाली का? ती म्हणाली, हा आपला नाही.

दसरा आला. अब्बा हंगामाला एकटेच निघाले. वकिलांचा सल्ला होता म्हणून अम्मी मागं राहिली, असं सगळ्यांना वाटलं, अब्बांनाही. त्यांनी कोपीत स्वतःच्या हातानं भाकरी थापायला शिकून घेतलं, आणि पुढं कायमच तसं झालं. त्या वर्षी चूल निजलीच नाही.

अब्बा गेल्यावर काही दिवसांनी दुपारच्या गाडीनं मालकीणबाई आल्या. न सांगता, एकट्याच. हातात तीच पिशवी. भावानं आता कुठवर म्हणून विचारलं होतं, हे नंतर कळलं. त्या आवारात येऊन आपल्या दारापुढं उभ्या राहिल्या. मालक दारात आले. आत या म्हणाले नाहीत, जा म्हणाले नाहीत. चौकटीला हात लावून उभे राहिले, आणि तो हात खाली येईना. मालकीणबाई खाली बघत होत्या. मी आमच्या ओट्यावरून बघत होते.

अम्मी आतून आली. हातात ती काळी खापरी, निखाऱ्यांनी भरलेली. ती मालकीणबाई आमच्याकडंच विसरून गेल्या होत्या. अम्मी आवार ओलांडून गेली आणि मालकांच्या समोर उभी राहिली. निकालानंतर ती पहिल्यांदाच त्यांच्याशी बोलत होती.

"मालक, सरका. इस्तू हाय."

खापरीची धग त्यांच्या हातापर्यंत गेली असेल. त्यांनी हात काढला आणि ते बाजूला झाले. अम्मी आत गेली, तिच्यामागं मालकीणबाई. मी दाराशी जाऊन उभी राहिले. आतली चूल थंडगार होती, तिच्या तोंडाशी कोळ्यानं जाळं विणलं होतं. अम्मीनं ते हातानं काढलं. मालकीणबाईंनी कोपऱ्यातल्या चार काटक्या आणून दिल्या आणि कुणाच्या घरचा विस्तव आणला म्हणून विचारलं.

"तुमचाच हाय," अम्मी म्हणाली. "इजू दिला न्हाई."

मालकीणबाईंनी पिशवी खाली ठेवली.